भांडणातली खुर्ची

ऐक, नुसतं ऐक. मधे प्रश्न विचारू नकोस, शेवटी मीच तुला एक विचारणार आहे.

तर रस्त्यापलीकडचे सलूनवाले काका धाकटीच्या दुकानाच्या दारात उभे, कानावर कंगवा खोचलेला, आणि धाकटीला म्हणतायत, "पोरी, राग मानू नकोस, पण माझी खुर्ची कुठंय?"

"कुठली खुर्ची, काका?"

"कुठली म्हणजे? तुझ्या आईबाबांकडे विणायला दिलेली. मी बोललो नाही इतके दिवस. म्हटलं, घरात काय चाललंय आणि आपण काय विचारायचं. पण आता माझ्याकडे एक गिऱ्हाईक कायम उभं असतं. आणि उभं गिऱ्हाईक फार वाईट गं! ते माझ्या खांद्यावरून वाकून आरशात बघतं आणि सूचना देतं. काल एकजण म्हणतो, डावीकडून जरा जास्तच कापलंत. डोकं दुसऱ्याचं, आणि बोलतोय हा!"

धाकटी हसत म्हणाली, "पण तुमची इथे एकही नाही, काका."

काकांनी बोट वर केलं. भिंतीवर, पार वरच्या हुकाला, एक अर्धवट विणलेली खुर्ची लटकत होती. "ती काय."

आणि शिडीवर चढून फोटोसाठी खिळा ठोकत असलेला दादा तिथंच थांबला. हातोडी हवेत. कारण त्याच खुर्चीसाठी त्याने काचेची पेटी करायला टाकली होती.

थांब, आता कोण कुणाचं ते सांगते. धाकटी आणि दादा, दोन भावंडं. त्यांच्या आईबाबांचं खुर्च्या विणायचं दुकान. लाकूडकाम नाही हं, फक्त बैठक. वेताची जाळी असते ना, भोकाभोकांची, ती. दादा शिकला, दुसऱ्या शहरात नोकरीला लागला. धाकटी दुकानातच वाढली आणि दुकानातच राहिली. आई गेली, मग काही महिन्यांनी बाबा गेले, आणि बाबांना वर्ष होत आलं म्हणून दादा सुट्टी काढून आला होता. त्याच्या डोक्यात एकच. येत्या रविवारी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना दुकानात बोलवायचं, आईबाबांचा फोटो लावायचा आणि फोटोखाली काचेच्या पेटीत ती खुर्ची ठेवायची. आईबाबांनी मिळून विणलेली शेवटची. अर्धी राहिलेली. जशी आहे तशी.

मिळून म्हणजे कसं, ते कळलं पाहिजे तुला, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

खुर्ची आडवी पाडायची. म्हणजे बसायची चौकट उभी राहते, खिडकीसारखी. एका बाजूला ठेंगण्या स्टुलावर बाबा, रस्त्याकडे पाठ करून. दुसऱ्या बाजूला आई. आईच्या पायाशी बादली, बादलीत भिजत घातलेला वेत. चौकटीला कडेनं भोकं असतात. एका भोकातून आईने पट्टी सरकवायची, बाबांनी ओढून घ्यायची, शेजारच्या भोकातून परत द्यायची, मग आईने ओढायची. दिवसभर हेच. ती ढकलते, हा ओढतो. हा ढकलतो, ती ओढते. सुरुवातीला चौकट रिकामी, म्हणून दोघं एकमेकांना अख्खी दिसायची. मग उभ्या पट्ट्या आल्या, आडव्या आल्या, तिरप्या आल्या, आणि शेवटी शेवटी नुसता आवाज पलीकडून. खुर्ची पुरी झाली, उचलून बाजूला ठेवली की आई दर वेळी म्हणायची, "आलात का?" जसे काही बाबा गावाला जाऊन आलेत!

आणि त्यांची भांडणं! अगं, भांडायला ती दोघं एक नंबर.

"अहो, मी काल काय सांगितलं होतं?"

"काल तू पुष्कळ सांगितलंस. नेमकं कुठलं?"

की आईने पट्टी अशी खेचायची, खाटकन. बाबा काय ऐकतात? तेही खेचायचे. त्या दिवशीची खुर्ची इतकी घट्ट व्हायची की नखाने टिचकी मारली तर टण्ण वाजायची. वर्षानुवर्षं बसा, जाळी खाली यायची नाही. हे रस्त्यावर सगळ्यांना माहीत. लोक येऊन सरळ सांगायचे, "आम्हाला भांडणातली द्या हं." आणि सलूनवाले काका तर त्यातले बिलंदर. आपल्या खुर्चीचं काम चालू असलं आणि दोघं गोडीत दिसली की दारातून डोकं घालायचे, "वहिनी, हे आमच्याकडे म्हणत होते, आजकाल चहा पाणचट होतो," आणि पसार. मागे टण्ण सुरू.

पण एक गोष्ट होती. बाबा सैल काम बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. विणून झालं की अंगठा दाबायचे, टिचकी मारून कान लावायचे. आवाज बसका आला की सुरी काढायची आणि सगळी जाळी कापून टाकायची. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. स्वतःचं काम असलं तरी. धाकटीने पहिली खुर्ची विणली तीही कापली होती. एक शब्द बोलले नाहीत. कापली, बादलीतला नवा वेत तिच्या हातात दिला आणि परत स्टुलावर बसले. ती रडली त्या दिवशी, पण दुसरी वाजली.

मग आई थकली. सगळ्यांना वाटलं वय झालं, एवढंच. एका दुपारी विणता विणता म्हणाली, "अहो, जरा पडते," आणि आत गेली ती त्या स्टुलावर परत बसलीच नाही. ती गेल्यावर बाबांनी ती अर्धी खुर्ची उचलली आणि वरच्या हुकाला टांगली. पुढे आईच्या जागी धाकटी बसायला लागली. बाबांनी तिच्याबरोबर ढिगाने खुर्च्या विणल्या, पण ती नाही. विचारलं की म्हणायचे, "ती असू दे." आणि मग एका सकाळी बाबा उठलेच नाहीत. खुर्ची आपली वर. धाकटीने कधी खाली काढली नाही. शिडी लावायची आणि काढायची, एवढंच तर होतं, पण नाही काढली.

तर आपण कुठे होतो? दादा शिडीवर, हातोडी हवेत.

"काका," दादा म्हणाला, "ती तुमची कशावरून?"

"पायाला काय बांधलंय बघ."

इथे एक गंमत आहे. खुर्ची कुणाची हे ओळखायला आई गिऱ्हाइकाकडूनच एखादी चिंधी मागून घ्यायची आणि खुर्चीच्या पायाला गाठ मारायची. पडद्याची, उशीच्या अभ्र्याची, काय असेल ती. कुठली चिंधी कुणाची हे फक्त तिला पाठ. तिच्यामागे कुणालाच ठाऊक नाही. या खुर्चीच्या पायाला निळ्या पट्ट्यांची चिंधी होती. आणि दादाने, अगं, दादाने आल्या दिवशीच शिडीवर चढून ती चिंधी हातात घेतली होती, छातीशी धरली होती, आणि धाकटीला म्हणाला होता, "आईच्या ओढणीची आहे गं. वासही आईचाच आहे." धाकटीला ओढणी आठवेना, पण दादाचे डोळे भरलेले, ती कशाला बोलतेय?

काका म्हणाले, "माझ्या जुन्या एप्रनची आहे ती. दाढी करताना गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधतो ना, त्याची."

दादाने हातोडी हळूच खाली ठेवली. धाकटीने ओठ इतके घट्ट दाबले की डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी दादाच म्हणाला, "तरीच म्हटलं, साबणाचा वास कसा," आणि तिघंही असे हसले की रस्त्यावरचे दोघं वळून बघायला लागले.

हसणं ओसरल्यावर धाकटी म्हणाली, "काढ खाली. काकांची आहे, पुरी करून देते."

"अगं पण रविवारी..."

"दादा, काकांचं गिऱ्हाईक उभं आहे."

दादाने खुर्ची काढून दिली. धाकटीने ती मांडीवर घेतली, सवयीने अंगठा दाबला, आणि तिचा चेहराच बदलला.

तिने टिचकी मारली. काही नाही. म्हणजे आवाज आला, पण कसा? गादीवर मारल्यासारखा.

"काय झालं?" दादा.

तिने खुर्ची उलटी केली, आईच्या बाजूने बघितली. सैल. साहजिक होतं, हातात जोर राहिला नव्हता. मग बाबांच्या बाजूने बघितली. तीही सैल. तितकीच. पट्टी न् पट्टी. आणि ती एकदम स्टुलावरच बसली.

आता बघ हं. बाबांच्या हातात जोर होता. शेवटपर्यंत होता. ते ओढू शकत होते. पण त्यांनी ओढलं असतं तर पट्टी आईच्या हातातून निसटली असती, आणि तिला कळलं असतं की आपल्याच्याने होत नाही. म्हणून ते ओढतच नव्हते. ती देईल तेवढंच घेत होते. आयुष्यात एकदाच सैल विणलं त्या माणसाने, आणि मुद्दाम विणलं. रोज तिच्यासमोर बसून.

"त्यांना माहीत होतं," धाकटी म्हणाली. "आपल्या सगळ्यांच्या आधी. डॉक्टरच्या आधी. पट्टीवरून कळलं असणार त्यांना."

"आणि बोलले नाहीत?"

"इथेच तर होते मी, दादा. या इथे, दोन हातांवर. मला नाही कळलं."

सलूनवाले काका एवढे बोलके, पण कानावरचा कंगवा काढून नुसते हातात फिरवत उभे होते. मग म्हणाले, "राहू दे, पोरी. ठेव ती. मला नको. मी बाजारातून एक प्लास्टिकची आणतो. बसणाऱ्याला काय, बूड टेकलं की झालं."

दादाने त्यांचा हात धरला. "काका, फार उपकार झाले."

झालं की नाही सगळं छान? काकांनी खुर्ची सोडली, दादाची पेटी तयार, रविवारी लोक येणार, बघणार, हळहळणार. धाकटीने फक्त मान हलवायची होती.

पण तिच्या डोक्यात दोनच गोष्टी. एक, ही जाळी कापली तर आईबाबांनी एकमेकांच्या हातातून घेतलेलं शेवटचं तेवढंही जाणार. आणि दोन, बाबांच्या दुकानातून सैल काम, तेही काचेत घालून, फोटोखाली, सगळ्या गावाला दाखवायचं. ज्यांनी ज्यांनी टण्ण ऐकलंय त्यांना. एखादा पेटी उघडून अंगठा दाबणारच, गिऱ्हाइकंच ती. आणि आईच्या हातातला जोर गेला होता हे बाबांनी आईलाही कळू दिलं नव्हतं, ते आपण पेटीत मांडून ठेवायचं?

"अशीच पुरी करता येणार नाही का?" दादाने विचारलं. "उरलेली तू घट्ट विण."

"सैलावर घट्ट बसत नाही, दादा. ओढून ओढून तुटेल. नाहीतर महिन्याभरात झोळी होईल. एक तर ठेवायची, नाही तर कापायची."

"मग ठेवू या. काका स्वतः म्हणतायत."

धाकटी उठली, खणातून बाबांची सुरी काढली.

"धाकटे!" दादा पुढे झाला. "वेडी आहेस का? तुझ्या एकटीचे होते का ते?"

"नाही. म्हणून तू बस." तिने पायाने बाबांचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "तिकडून पट्ट्या धर. एकटीने नाही कापणार मी."

"मी नाही धरणार."

"मग नको धरूस. पण मग मी ठेवणारही नाही, कापणारही नाही, ही अशीच इथे पडून राहील, आणि तू रविवारी लोकांना काय दाखवायचं ते दाखव."

काका हळूच म्हणाले, "मी दुकान उघडं टाकून आलोय," पण गेले काही नाहीत.

शेवटी दादा बसला. रस्त्याकडे पाठ करून. चौकटीतून त्याला बहीण दिसत होती, अर्धी जाळीमागे, अर्धी मोकळी. त्याने बोटं पट्ट्यांवर ठेवली. धाकटीने सुरी लावली. ओला वेत कापताना आवाज येत नाही, पण हा वाळलेला. कट्, कट्. एकेक पट्टी सुटून दादाच्या मांडीवर पडत गेली. पट्ट्या सरळ पडल्या नाहीत हं. विणीत राहून राहून त्यांना लाटा आलेल्या, वरखाली, वरखाली. तशाच लाटांसकट पडल्या.

चौकट रिकामी झाली तेव्हा दोघंही एकमेकांना अख्खी दिसली, आणि दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

मग धाकटीने वेत भिजत घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विणायला बसली. आणि कुणाला बसवलं समोर? दादाला! लहानपणी बादली भरण्यापलीकडे त्याने दुकानातलं काही केलेलं नाही.

"तू बाबांच्या बाजूला आहेस, नीट ओढ."

"ओढतोय की."

"हे ओढणं आहे? केस विंचरतोयस का?"

"बोटं कापतायत माझी!"

"बाबांची नव्हती कापत?"

इथून जे सुरू झालं ना! खुर्ची बाजूलाच राहिली. आई आजारी होती तेव्हा तू का नाही आलास? तू बोलावलंस का? तुला बोलवायला लागतं? फोनवर दर वेळी बरं आहे बरं आहे म्हणायचीस, मला स्वप्न पडणार होतं? मला तरी कुठे कळलं होतं! मग माझ्यावर कशाला ओरडतेस? आणि प्रत्येक वाक्याला पट्टी इकडून खाटकन, तिकडून खाटकन. दादाची बोटं लाल, धाकटीचं नाक लाल. उभ्या झाल्या, आडव्या झाल्या, तिरप्या सुरू झाल्या. दादा जाळीमागे दिसेनासा होत गेला, आणि गंमत म्हणजे दिसेनासा झाल्यावर तो खरं बोलायला लागला. पलीकडून हळूच म्हणाला, "मला भीती वाटायची गं यायची. आलो की कळेल, म्हणून."

धाकटीने इकडून पट्टी ओढली. त्याला कळेल इतपत ओढली.

शेवटच्या भोकात पट्टी अडकवून ठेवणारी खुंटी बसली. दादाने खुर्ची उचलून बाजूला ठेवली. धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं ते, आईचं, "आलात का". तिने गिळलं. उठून हात धुतले.

रविवारी लोक आले. फोटो होता, खाली पेटी होती, रिकामी. दादाने ती परत न्यायला सांगितली होती, पण सुताराने हात झटकले, "मापाची आहे, मी काय करू तिचं?" लोकांना वाटलं काहीतरी अर्थ असेल, सगळे रिकाम्या पेटीपुढे गंभीर होऊन उभे राहिले. धाकटीने नंतर तिच्यात वेताची बंडलं रचली. धूळ तरी बसत नाही.

आणि खुर्ची? ती त्याच दिवशी रस्त्यापलीकडे पोचली. सलूनवाल्या काकांनी सगळ्यांसमोर ती ओळीत मांडली, वाकून नखाने टिचकी मारली.

टण्ण!

काकांनी मान वर केली. "ही भांडणातली आहे."

"हो," धाकटी म्हणाली.

"कोण कुणाशी?"

तिने दादाकडे बोट दाखवलं, आणि दादाने बँडेज चिकटवलेली दहाही बोटं वर करून दाखवली.

संध्याकाळी दादा परत निघाला तेव्हा धाकटीने बघितलं, त्याच्या बॅगेत शर्टांच्या मधे रुमालात काहीतरी गुंडाळलेलं. कापलेल्या पट्ट्या. तिने झाडून टोपलीत टाकल्या होत्या, बाबा टाकायचे तशा. त्याने वेचून घेतल्या होत्या.

ती रागावली नाही. रुमाल काढून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि परत शर्टांच्या मधे ठेवला.

"पाणी लागू देऊ नकोस," ती म्हणाली. "वेत भिजला की सरळ होतो. सगळ्या लाटा जातात."

दादाने बॅग पाठीला लावली, मग काय वाटलं कोण जाणे, काढून पोटाशी धरली, आणि तशीच धरून रस्त्याच्या टोकापर्यंत गेला.

बोल आता. सुरी तुझ्या हातात असती, तर तू काय केलं असतंस?